कृष्णविवराच्या मधोमध नक्की काय असतं? (छर्रा सोडून)

गिरणीवाली

आमची पिठाची गिरणी आहे. विज्ञान दहावीनंतर सुटलं, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

मुलगा सातवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्यानं कृष्णविवराचं मॉडेल केलं. माझी भरतकामाची मोठी रिंग घेतली, तिच्यावर जुन्या काळ्या लेगिंगचं कापड ताणून बसवलं आणि गिरणीच्या टाकाऊ बेअरिंगमधला सगळ्यात मोठा छर्रा मधोमध सोडला. मस्त खड्डा पडला. कडेनं साबुदाणा सोडला की दोन-तीन घिरट्या घालून छर्‍याला जाऊन चिकटतो.

परीक्षकांनी विचारलं, "मध्ये काय आहे?" हा म्हणाला, "छर्रा." सगळे हसले. मग त्यांनी सांगितलं, की कृष्णविवराच्या केंद्रात अनंत घनतेचा बिंदू असतो, तसं तक्त्यावर लिही. पोरगं घरी आलं ते फुरंगटूनच. रात्री जेवताना विचारतो, "आई, अनंत घनता म्हणजे किती किलो?" मी दिवसभर वजनकाट्यापाशी असते, म्हणजे मला हे माहीत असणार असा त्याचा हिशोब.

तर जाणकारांनी सांगा. मध्ये नक्की काय असतं? आणि किती किलो?

उंबरठा

आमच्या घरी कपाटाचा खालचा कप्पा. गेलेला मोजा परत आलेला नाही. मध्यभागी काय आहे ते बघायला कोणी तयार नाही.

सूत्रधार_७७

उत्तर सोपं आहे. सिंग्युलॅरिटी. वस्तुमान तेवढंच, आकारमान शून्य, भागाकार केला की अनंत. परीक्षक बरोबर होते.

साखळीवाले अण्णा

ताई, मी शास्त्रज्ञ नाही. सरकारी मोजणी खात्यात चौतीस वर्षं काढली, त्याआधी बी.एस्सी. फिजिक्स, सेकंड क्लास. निवृत्तीनंतर नातीला घेऊन पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत विज्ञान दिनाला जायला लागलो आणि जुना किडा पुन्हा वळवळला. त्यामुळे मोजणीवाल्याच्या भाषेतच सांगतो.

आधी किलोचं, कारण पोराचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे. किलो अनंत नसतात. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावर जे कृष्णविवर आहे त्याचं वजन सुमारे ४३ लाख सूर्यांइतकं भरतं. एक सूर्य म्हणजे दोनावर तीस शून्यं इतके किलो. आकडा मोठा आहे, पण आकडा आहे. भोवतीच्या तार्‍यांच्या कक्षा वर्षानुवर्षं मोजून तो काढलाय, आणि त्या कामाला २०२०च्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. अनंत येतं ते सूत्रधारांच्या भागाकारातून, तराजूतून नव्हे.

घनतेचीही गंमत बघा. २०१९ साली ज्याचा पहिला फोटो आला, ते एम ८७ दीर्घिकेतलं कृष्णविवर ६५० कोटी सूर्यांचं. त्याच्या क्षितिजाची, म्हणजे जिथून आत गेलेला प्रकाशही परत येत नाही त्या शिवेची, त्रिज्या जवळजवळ १,९०० कोटी किलोमीटर. बाहेरून दिसणार्‍या या गोळ्याच्या आकारमानानं वजनाला भागलं, तर एका घनमीटरला अर्धा किलोसुद्धा येत नाही. तुमच्या गिरणीतली हवा घनमीटरला सव्वा किलोच्या आसपास असते. म्हणजे सरासरी काढली तर ते कृष्णविवर हवेपेक्षा विरळ! (हा भागाकारही तसा कच्चाच आहे, आतली जागा आपल्या घनफळाच्या सूत्राला जुमानत नाही. पण "घट्ट दाबलेला गोळा" हे चित्र डोक्यातून काढायला उपयोगी पडतो.)

आता मध्ये काय. इथे मला माझी नोकरी आठवते.

एका तालुक्यात दोन गावांची शीव कायम करायची होती. दोन्ही गावांची जुनी टिपणं घेतली, नकाशे कडेला कडा लावून जोडले, तर मध्ये पाच-सहा गुंठ्यांची फट. कागदाप्रमाणे त्या फटीत जमीनच नाही. आम्ही प्लेन टेबल मांडून डोकं खाजवत बसलेलो, आणि म्हातारा शेतकरी बांधावरच्या बोरीच्या झाडाकडे बोट दाखवून म्हणतो, "भाऊसाहेब, जमीन नाही म्हणता, मग माझी बोर कशावर उभी हाय?"

बोर जागेवर होती. खालची माती जागेवर होती. फाटला होता तो कागद. दोन मोजणीदारांनी वेगवेगळ्या ठिकाणाहून साखळी धरली होती, एवढंच.

कृष्णविवराच्या बाबतीत हाच घोळ चाळीसेक वर्षं चालला. आइन्स्टाइननं व्यापक सापेक्षतेची समीकरणं मांडली १९१५च्या नोव्हेंबरात. कार्ल श्वार्झशिल्ड तेव्हा पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात आघाडीवर होता. तिथून त्यानं महिन्याभरात त्यांचं पहिलं नेमकं उत्तर काढून पाठवलं, आणि पुढच्या मे महिन्यात आजारपणानं वारला. वय ४२. त्याच्या उत्तरात दोन ठिकाणी छेदात शून्य येतं: एक मध्यावर, आणि एक आज आपण ज्याला घटनाक्षितिज म्हणतो तिथे. सूर्याएवढ्या वजनाला ते तीन किलोमीटरवर, पृथ्वीएवढ्या वजनाला नऊ मिलिमीटरवर. तर लोकांना वाटायचं, की क्षितिजावरच काहीतरी भयंकर आहे, तिथे जागाच फाटते. ते नकाशाचं फाटणं होतं. लमेत्र्, मग फिंकेलस्टाइन, मग १९६०मध्ये क्रुस्कल, यांनी दुसर्‍या ठिकाणाहून साखळी धरून दाखवली आणि फट मिटली. मोठ्या कृष्णविवराचं क्षितिज ओलांडताना पडणार्‍याला काहीही लागत नाही, खडासुद्धा नाही. बोर जागेवर होती.

मग मध्यावरचं शून्यही कागदाचंच असेल? हे तपासायचं कसं? मोजणीत आम्ही काय करायचो, तर नकाशा बाजूला ठेवून दगडापासून दगडापर्यंत थेट साखळी ओढायची. नकाशा कुणाचाही असो, ते अंतर तेच येतं. वक्रतेचाही, म्हणजे जागा किती वाकली आहे त्याचाही, असा एक आकडा काढता येतो, तो कुठल्याही पद्धतीनं मोजला तरी तोच राहतो. क्षितिजावर तो साधासुधा येतो. मध्याकडचं अंतर निम्मं केलं की तो चौसष्टपट होतो, पुन्हा निम्मं केलं की पुन्हा चौसष्टपट, आणि मध्यावर त्याला आवर राहत नाही. म्हणजे तिथे नुसता कागद फाटलेला नाही. या सिद्धांतापुरती जमीनच संपते.

आणि आता मुद्द्याची गोष्ट, ज्यासाठी एवढं टंकलं. "मध्ये काय" या प्रश्नातला मध्ये हा शब्दच घात करतो. आपल्या डोळ्यासमोर विहीर असते: वर काठ, खाली तळ, तळाशी काहीतरी पडलेलं. न फिरणार्‍या कृष्णविवरात क्षितिजाच्या आत गेलात की मध्याकडे जाणारी दिशा ही जागेची दिशा राहत नाही, ती काळाची होते. मध्य तुमच्या पुढे नसतो, तो तुमच्या *उद्या* असतो. मुलाला असं सांगा: तू गिरणीत डावीकडे जा, उजवीकडे जा, माळ्यावर चढ, संध्याकाळचे सात वाजायचे टाळता येतील का? ते "सात वाजणं" म्हणजे केंद्र. ते कोणत्या कोपर्‍यात ठेवलंय असं विचारता येत नाही.

त्याला वेळापत्रकसुद्धा आहे. सूर्याएवढ्या कृष्णविवरात क्षितिजापासून शेवटापर्यंत जास्तीत जास्त सेकंदाचे पंधरा-सोळा दशलक्षांश मिळतात. आकाशगंगेच्या मधल्यात सुमारे एक मिनिट. एम ८७मध्ये अठ्ठावीस तास, म्हणजे दोन वेळचं जेवण आणि एक झोप. रॉकेट कुठल्याही दिशेला पेटवा, या मर्यादेच्या पुढे एक क्षण मिळत नाही. भलत्या धडपडीनं असलेले क्षण कमी मात्र होतात.

थोडक्यात, पोरानं "छर्रा" म्हटलं ते चूक आणि परीक्षकांनी "बिंदू" म्हटलं तेही चूक. दोघांनीही तिथे एक *वस्तू* ठेवली.

सूत्रधार_७७

अण्णा, वाचायला मजा आली, पण रॉजर पेनरोज या गणितज्ञानं सिंग्युलॅरिटी असतेच हे सिद्ध केलंय ना? त्या नोबेलचा दुसरा अर्धा वाटा त्यालाच मिळाला.

साखळीवाले अण्णा

सूत्रधार, तुम्ही शीर्षक वाचलंत, सातबारा नाही.

पेनरोजचा तो लेख जानेवारी १९६५चा, जेमतेम तीन पानांचा. त्याआधी रशियन मंडळींचं म्हणणं होतं, की तारा अगदी गोल धरला म्हणून सगळं एका बिंदूत येतं, खरा तारा वेडावाकडा असतो, सगळं एकमेकांना चुकवून निघून जाईल. पेनरोजनं दाखवलं, की तारा कितीही ओबडधोबड असो, एकदा प्रकाशसुद्धा बाहेरच्या बाजूला पसरू शकत नाही अशी अवस्था आली की आतले काही मार्ग मर्यादित अंतरात संपणारच. *संपणार.* तिथे अनंत घनता आहे, असं त्यानं म्हटलेलं नाही. शीव कुठे संपते ते सांगणं वेगळं आणि शिवेपलीकडे कुणाचं शेत आहे ते सांगणं वेगळं.

त्याच्या मुळाशी आपल्याकडचं एक समीकरण आहे. कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरींनी ते १९५५ साली प्रसिद्ध केलं. शेजारी शेजारी निघालेल्या मार्गांची जुडी गुरुत्वाकर्षणानं कशी एकवटत जाते, याचा तो हिशोब. पेनरोज आणि हॉकिंग यांचे सिद्धांत त्याच्याच खांद्यावर उभे आहेत. शाळेच्या तक्त्यावर पेनरोजचं नाव लिहाल तर शेजारी हेही लिहा, एवढी माझी विनंती.

भोवरा

अण्णा, नमस्कार. मी याच विषयात पीएच.डी. करतेय (तिसरं वर्ष, गाईडचा मेल टाळून इथे लिहितेय). तुमची बोर मी आमच्या सेमिनारमध्ये वापरणार आहे, आधीच सांगून ठेवते.

पण एक हरकत. तुम्ही "न फिरणार्‍या" असं एका शब्दात म्हणून पुढे निघून गेलात. खरी कृष्णविवरं फिरतात. तारे फिरतात, आक्रसले की आणखी जोरात फिरतात. फिरणार्‍या कृष्णविवराचं उत्तर रॉय कर यानं १९६३मध्ये काढलं. त्यात सिंग्युलॅरिटी बिंदू नसते, कडं असतं, आणि ते *उद्या* नसून पुन्हा एखाद्या *जागी* असल्यासारखं येतं. गणितापुरतं बोलायचं तर चुकवून जाता येण्यासारखं.

लगेच खूश होऊ नका. त्या कड्यापर्यंत जायला आतलं दुसरं क्षितिज लागतं, आणि ते टिकाऊ नाही. बाहेरून येणारा किंचितसा प्रकाशही तिथे अफाट तीव्र होत जातो आणि ती सगळी सुबक रचना मोडते, असं १९९०पासूनचे हिशोब सांगतात. म्हणजे करचं उत्तर बाहेरून अप्रतिम आहे, फोटोंशी आणि गुरुत्वीय लहरींशी जुळतं. आतल्या बाजूला त्यावर फार खोल विश्वास ठेवत नाहीत. गंमत म्हणजे स्वतः कर यांनी २०२३च्या डिसेंबरात, नव्वदीच्या घरात असताना, लेख लिहिला: मार्ग संपतो म्हणजे तिथे सिंग्युलॅरिटी असतेच असं कुणी सिद्ध केलेलं नाही. यावर सगळे सहमत नाहीत, आमच्या लॅबमध्ये तर चहावरून दोन तट पडले. पण म्हणजे ताई, तुमच्या मुलाचा प्रश्न ज्यांच्या नावानं कृष्णविवर ओळखतात त्यांनाही अजून सुटलेला वाटत नाही.

मला विचाराल तर मध्यावर आपल्या अज्ञानाची पाटी आहे. गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत क्वांटमला, म्हणजे अतिसूक्ष्म जगाच्या नियमांना, धरून लिहिलेला नाही, आणि जिथे वक्रता अतोनात वाढते तिथे क्वांटम लागतंच. ते जोडणार्‍या प्रयत्नांपैकी एका वाटेचा पाया १९८६मध्ये अभय अष्टेकरांनी घातला. धुळे जिल्ह्यातलं शिरपूर हे त्यांचं जन्मगाव, काम पेनसिल्व्हेनियात. त्या वाटेत जागासुद्धा सलग नसते, तिचे सुटे सुटे कण असतात. २०१८मध्ये अष्टेकर, ओल्मेडो आणि परमप्रीत सिंग यांनी कृष्णविवराच्या आतला हिशोब मांडला, त्यात वक्रता एका कमाल आकड्यापर्यंत चढते आणि थांबते. आणि काळ पुढे चालू राहतो, आता सगळं बाहेर ढकलणार्‍या प्रदेशात. अण्णांच्या भाषेत, सात वाजतात आणि मग सात वाजून एक मिनिट होतं. प्रयोगानं यातलं काहीही तपासलेलं नाही, हे ठळक अक्षरात.

गिरणीवाली

सगळ्यांचे आभार. गिरणी बंद करून दोनदा वाचलं. "सात वाजणं" त्याला बरोब्बर कळलं, मला अजून थोडं थोडं.

पण नवीन भानगड झाली आहे. "वस्तू नाही म्हणतात ना," म्हणून त्यानं छर्रा काढून टाकला. कापड सपाट झालं. साबुदाणा सरळ या कडेनं सुटून त्या कडेनं जमिनीवर. आता तो म्हणतो, "वस्तू नाही तर खड्डा कुणी पाडलाय? ४३ लाख सूर्य कुठे आहेत?" मला वाटतं अण्णा सापडले.

भोवरा

अण्णा नाही, आम्ही सगळेच सापडायचो. हाच प्रश्न मी एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत हुकवला होता.

उत्तर असं: श्वार्झशिल्डच्या त्या उत्तरात कुठेही पदार्थ नाही. सगळीकडे पोकळी. आणि तरी वक्रता आहे. आइन्स्टाइनच्या समीकरणात पदार्थ खड्डा पाडतो हे खरं, पण एकदा पडलेला खड्डा स्वतःच्या जोरावर टिकू शकतो. तारा कोसळला तेव्हा त्यानं बाहेरच्या जागेला जो आकार दिला, तोच आपण बाहेरून अनुभवतो. आतून काही निरोप यावा लागत नाही. म्हणून तर "प्रकाश बाहेर येत नाही मग गुरुत्वाकर्षण कसं येतं" हा प्रश्न पडायला नको. ते येत नाही, ते तिथेच आहे.

पुरावा म्हणाल तर १४ सप्टेंबर २०१५ला लायगो या अमेरिकेतल्या यंत्रणेनं पकडलेल्या गुरुत्वीय लहरी. सुमारे ३६ आणि २९ सूर्यांची दोन कृष्णविवरं एक झाली, उरलं ६२ सूर्यांचं. तीन सूर्यांएवढं वस्तुमान लहरी होऊन निघून गेलं. तिथे आदळायला छर्रे नव्हतेच, नुसता खड्ड्यात खड्डा मिसळला. (तसलीच एक यंत्रणा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला व्हायची आहे. शाळेची सहल तिकडे न्या म्हणावं, बांधून झाल्यावर.)

तेव्हा त्याला सांगा, ४३ लाख सूर्य खड्ड्याच्या तळाशी ठेवलेले नाहीत. खड्डा हेच त्यांचं वजन आहे.

साखळीवाले अण्णा

बेटा, हे मला चौतीस वर्षांत कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. अर्थात मी विचारलंही नव्हतं.

ताई, मॉडेलचा उपाय माझ्याकडे आहे. लेगिंगचं कापड नको, ते स्प्रिंगसारखं परत वर येणार. साधं सुती घ्या, अस्तराचं चालेल, ओलं करून रिंगमध्ये जरा सैल बसवा. गिरणी तुमचीच आहे, मैद्याची घट्ट खळ करून वरून थापा. छर्रा मध्ये ठेवा आणि दोन दिवस उन्हात कडक वाळू द्या. मग छर्रा काढून घ्या. खड्डा राहील. परीक्षकांनी "मध्ये काय आहे" विचारलं तर पोरानं बोट घालून दाखवायचं.

उंबरठा

माझ्या मोज्याचं काय?

भोवरा

मोज्याचं वजन कपाटात जमा झालं आहे. कपाट तितकं जड झालं असेल, मोजून बघा.

गिरणीवाली

अण्णा, जमलं. परकराच्या अस्तराचं केलं. पहिल्या खेपेला खळ पातळ झाली आणि मुंग्या लागल्या, दुसर्‍या खेपेला कडक झालं, पत्र्यासारखं वाजतं. खड्डा तसाच राहिला. छर्‍याच्या जागी त्याच्या बुडाचा गोल ठसासुद्धा उमटलाय.

फक्त साबुदाणा तळाशी साचायला लागला. ते त्याला पटेना. "अण्णा म्हणाले तिथे जमीन संपते, मग हे साचतंय कशावर?" म्हणून काल त्यानं माझी कात्री घेतली आणि मधोमध बोटाएवढं भोक पाडलं. आता साबुदाणा फिरत फिरत येतो आणि टपकन खाली जातो. तक्त्यावर लिहिलंय, "येथे कापड संपते." खाली रायचौधुरी आणि पेनरोज, दोन्ही नावं. रायचौधुरींचं मोठ्या अक्षरात.

भोकाखाली काय ठेवायचं ते अजून ठरलेलं नाही. सध्या वाटी ठेवली आहे.